रोजची चौदा हजार पावलं

मुलीचा फोन आला तेव्हा मी मागाखाली उताणा पडून नट आवळत होतो. बेळगावच्या वडगाव भागातल्या आमच्या घरात पुढच्या दोन खोल्यांत माणसं राहतात आणि मागच्या लांब खोलीत चार यंत्रमाग राहतात. माग सुरू असले की शेजारी उभ्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज कायमचा वर गेलेला आहे. फोन वाजलेला मला अर्थातच ऐकू आला नाही. बायकोनं येऊन माझा पाय हलवला आणि फोन खाली सरकवला. "पोरीचा हाय. तुमच्या फोनवर आलाय," ती म्हणाली. 'तुमच्या' या शब्दावर तिनं जोर दिला, कारण मुलगी नेहमी आईच्या फोनवर बोलते.

मुलगी बंगळुरात नोकरी करते. तिची तिशी उलटून गेली आहे. आईशी ती अर्धा-अर्धा तास बोलायची, मग आई फोन माझ्याकडे द्यायची. मी विचारायचो, "जेवलीस काय?" ती म्हणायची, "जेवले. तुम्ही?" मी म्हणायचो, "जेवलो." त्यानंतर फोन परत आईकडे. एवढ्यावर आमची बरीच वर्षं निभावली होती.

त्या दिवशी मात्र ती थेट मुद्द्यावर आली. "आप्पा, मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जायचं ठरवलंय. सहा दिवस चालायचं. गाईड असतोय, तंबू असतोय, जेवण तेच देतात. साडेबारा हजार फूट उंच. येणार काय माझ्यासंगं?"

"येतो," मी म्हणालो, आणि ताडकन उठायला गेलो तो कपाळ मागाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. हिमालयातली माझी पहिली दुखापत वडगावात झाली.

एवढ्या घाईनं मी हो का म्हणालो, ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही. मुलगी इथं बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा कॉलेजचं हिमालयात दहा दिवसांचं शिबिर निघालं होतं. पालकांची सही हवी होती. ती कागद घेऊन आली तेव्हा माझ्या एका मागावरचा ताणा तुटलेला होता आणि मी एकेक धागा गाठत बसलो होतो. तशा वेळी मला कुणी देवाचा प्रसाद आणून दिला तरी मी खेकसतो. मी कागद हातातही घेतला नाही. बाकीचे तीन माग सुरू होते म्हणून ओरडून म्हणालो, "पोरीच्या जातीला डोंगर कशाला? पाय मोडून आलीस तर कोण करून घेणार तुला?" आणि नेमका त्याच क्षणी करंट गेला. 'कोण करून घेणार तुला' हे शब्द शांत खोलीतून अख्ख्या गल्लीत गेले.

तिनं कागदाची घडी केली आणि ती निघून गेली. रडली नाही, भांडली नाही. पण त्यानंतर तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पुढं नोकरी लागल्यावर ती स्वतःच्या बळावर डोंगरात जायला लागली. तिचे बर्फातले फोटो बायको मला दाखवायची आणि मी 'हं' म्हणायचो. लग्न तिनं केलं नाही. त्याचा आणि माझ्या त्या वाक्याचा काही संबंध नाही असं बायको म्हणते, पण ती हे दर वेळी थोडं थांबून म्हणते.

तर बारा वर्षांनी मुलीनं मला काहीतरी विचारलं होतं. दुसऱ्यांदा नाही म्हणायची माझी छाती नव्हती. माझं वय पंचावन्न, पोट असं की मागावर वाकताना आधी ते टेकतं आणि मग हात पोचतात. पण हे सगळं मी हो म्हटल्यानंतर आठवलं. बायकोलाही तिनं विचारलं होतं. बायकोचा गुडघा दुखतो. ती म्हणाली, "मी ऱ्हातो घरी. तुम्ही जावा. आणि काय बी हुंदे, ह्या टायमाला पोरीला न्हाय म्हणू नका."

ट्रेक नेणाऱ्यांचे नियम मोठे कडक होते. डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं. निघण्याच्या महिनाभर आधी पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत चालून दाखवायचं, आणि त्याचा पुरावा फोनवरून पाठवायचा. जमलं नाही तर नाव कमी. मुलीनं मला फोनवर पावलं मोजणारं ॲप घ्यायला लावलं. ते तिच्या फोनला जोडून घेतलं, म्हणजे मी इथं किती चाललो ते तिला तिथं दिसणार. "घाबरू नका आप्पा," ती म्हणाली, "पहिले काही दिवस चार-पाच हजार पावलं झाली तरी लई झालं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता माग बंद केले, फोन उघडला आणि बघतो तर चौदा हजार तीनशे पावलं.

मी ते बायकोला दाखवलं. शेजाऱ्याला दाखवलं. दूध घालायला आलेल्या बाईला दाखवलं. मग छातीठोकपणे मुलीला फोन केला. इतक्या वर्षांत मी स्वतःहून केलेला तो बहुतेक पहिला फोन असेल. तीही चकित झाली. मी तिला समजावून सांगितलं की दिवसभर चार मागांमध्ये फिरायचं म्हणजे काय गंमत नाही. इथला धागा तुटला की इकडे, तिथली सुताची कांडी संपली की तिकडे. बाकीचे लोक पोट कमी करायला पहाटे उठून फिरतात, आम्ही विणकर लोक पोटासाठीच फिरतो. हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या आठवड्यात मी ते सात-आठ जणांना ऐकवलं.

मग रोजचा नेमच झाला. संध्याकाळी सात वाजले, माग थांबले, की मी मुलीला फोन करायचो. कधी तेरा हजार, कधी पंधरा. अमावास्येला मागांना सुट्टी, त्या दिवशी आकडा बघायलाही सुट्टी. आकडा सांगून झाला की ती काहीतरी विचारायची, मी काहीतरी सांगायचो. तिच्या ऑफिसातल्या साहेबाला मराठी येतं आणि तो ते लपवून ठेवतो, हे मला अशाच एका फोनवर कळलं. नव्या साडीच्या पदराचा काठ कसा काढलाय ते मी तिला सांगितलं. आठवड्याभरात मी कागदावर निपाणी गाठली होती. महिन्याभरात पुणं जवळ आलं.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं. ट्रेकला तीन महिने असताना मी बूट घेतले. घोट्याच्या वर येणारे, दोन किलोचे, तळव्याला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या नक्ष्या. नवे बूट पायात वापरून मऊ करून घ्यायचे असतात असं मुलीनं सांगितलं होतं. पण आमच्याकडे मागाच्या खोलीत पायताण चालत नाही. माग म्हणजे देव. तिथं शिरताना चपला बाहेर काढायच्या, मग शर्ट काढून पहिल्या मागाच्या चौकटीला ठोकलेल्या खिळ्याला अडकवायचा आणि बनियनवर कामाला लागायचं, ही वडिलांच्या काळापासूनची रीत. त्यामुळे बूट घालायला मला रिकामा वेळ काढून गल्लीत जावं लागायचं. लुंगीवर ते बूट घालून मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो. "कुठं निघालासा?" असं पहिले चार दिवस लोकांनी विचारलं. पाचव्या दिवसापासून ते नुसतं माझ्या बायकोकडे बघून मान हलवायला लागले.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, व्यायाम काय करता म्हणून विचारलं. मी फोन पुढं केला. त्यांनी आकडे बघितले, मग माझ्या पोटाकडे बघितलं, मग पुन्हा आकडे बघितले. "एवढं चालता, मग हे?" त्यांनी विचारलं. "वडिलांचंही असंच होतं," मी म्हणालो. त्यांनी सही केली, पण केली ती काहीशी नाइलाजानं.

माझी कीर्ती निपाणीपर्यंत गेली होती. तिथं बायकोचा भाऊ हायस्कुलात पीटी मास्तर आहे. पोरांना शिट्टी मारून पळवायचं आणि स्वतः झाडाखाली उभं राहायचं, हे काम तो वीस वर्षं निष्ठेनं करतो. एका रविवारी तो सकाळीच बसनं आला, गळ्यात शिट्टी घालूनच. "दाजी, सपाटीवर चालणं येगळं, चढ येगळा," तो म्हणाला. "आज येळ्ळूरच्या गडावर जाऊया."

राजहंसगड, म्हणजे हा येळ्ळूरचा गड, काही फार उंच नाही. वरपर्यंत रस्ता आहे, लोक मुलाबाळांना घेऊन गाडीनं जातात. पण आम्ही माझी स्कूटर पायथ्याला लावली आणि चढायला लागलो. पहिली पाच मिनिटं मी मेव्हण्याला हिमालयाबद्दल माहिती दिली. पुढची पाच मिनिटं मेव्हणा बोलला. त्यानंतर कुणीच बोललं नाही. माझ्या कानात चारही माग एकदम सुरू झाल्यासारखे ठोके पडत होते. मी एका दगडावर बसलो. मेव्हणा शिट्टी मारत होता, पण तोही बसूनच मारत होता.

तेवढ्यात खालून एक आजीबाई आल्या. सत्तरीच्या तरी असतील. डोक्यावर वाळक्या लाकडाचा भारा, पायात काही नाही. माझ्या बुटांकडे बघून त्या थांबल्या. "काय वो पाव्हणं, बरं वाटंना काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बूट नवीन आहेत, जरा चावतात. "मग काढून हातात घ्या की," आजी म्हणाल्या आणि भाऱ्यासकट वर निघून गेल्या. आम्ही अर्ध्यातून परत आलो.

नाचता येईना अंगण वाकडं. मी घरी येऊन बुटांना दोष दिला, ऊन होतं म्हणालो, आदल्या दिवशीच्या जेवणात शेंगदाण्याचं कूट जास्त झालं होतं असंही सांगितलं. आणि संध्याकाळी मुलीला फोन करून म्हणालो, "गड केला आज." सगळा केला असं मी म्हणालो नाही. तिनं विचारलंही नाही.

त्यानंतर चार दिवसांनी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. सबंध दिवस करंट नाही, माग बंद. दिवस मोकळा मिळाला म्हणून मी शर्ट घालून चालत शहापूरच्या बाजारात गेलो, लोकरीचे मोजे बघितले, टोपी बघितली, दोन दुकानांत हुज्जत घातली आणि चालतच परत आलो. पाय दुखत होते. आज वीस हजार तरी झाली असणार म्हणून फोन उघडला, तर चार हजार दोनशे.

फोन बिघडला, असं मला वाटलं. मी मुलीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "असेल." दुसऱ्या दिवशी करंट आला. मी नेहमीसारखा शर्ट खिळ्याला अडकवला, माग सुरू केले आणि दहाच्या चहाला त्याच खिळ्याखाली बसलो. फोन दुरुस्त झाला काय ते बघावं म्हणून टांगलेल्या शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर काढला. बशी माझ्या हातात होती, मी पाटावर मांडी घालून बसलो होतो, आणि फोनमध्ये माझी पावलं वाढत होती. खट् खट् खट्. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे गेला की माग हादरायचा, माग हादरला की खिळा, खिळा हादरला की शर्ट, आणि शर्टाच्या खिशात मी एकेक पाऊल हिमालयाकडे जात होतो. चहा संपेपर्यंत मी बसल्या जागी तीनशे पावलं चाललो.

बायको समोर कांड्या भरत बसली होती. "काय झालं? तोंड असं का केलासा?" ती ओरडली. काही नाही म्हणून मी हात हलवला.

ही चूक दुसऱ्या कुणाची झाली नसती. वाण्याचा शर्ट त्याच्या अंगावर असतो, कारकुनाचा फोन टेबलावर असतो. खिशात फोन असलेला शर्ट हलत्या यंत्रावर टांगायचा आणि संध्याकाळी स्वतःची पाठ थोपटून घ्यायची, हे आम्हा विणकरांनाच जमणार. इथपर्यंत माझी अजाणता झालेली चूक होती, लोकांना सांगून हसण्यासारखी. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेलो, शर्ट काढला, क्षणभर हातात धरला आणि पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला. संध्याकाळी मुलीला सांगितलं, "दुरुस्त झाला बघ फोन. साडेतेरा हजार." असं मी नऊ दिवस केलं.

मला खरं सांगायची भीती वाटत होती. आकडा चार हजारांवर आला की ती विचारणार, मग सगळं पितळ उघडं पडणार, मग ती म्हणणार की राहू दे आप्पा, नाही जमायचं तुम्हाला. म्हणजे मी दुसऱ्यांदा नाही म्हटल्यासारखंच झालं. फक्त या वेळी तोंडानं न म्हणता पोटानं म्हटलं, एवढाच फरक. दरम्यान मी गुपचूप पहाटे उठून खरं चालायला सुरुवात केली होती. बेळगुंदीच्या रस्त्याला काजूच्या बागांच्या कडेनं जायचं आणि यायचं. दहा दिवसांत हिमालयाची तयारी होईल असा माझा अंदाज होता. तेवढ्यात पाच किलोमीटरच्या परीक्षेचा दिवस जवळ आला.

या परीक्षेत नुसती पावलं चालणार नव्हती. फोनमध्ये नकाशावर रेघ उमटायला हवी होती, कुठून कुठं गेलो याची. आणि माग कितीही हादरला तरी तो वडगाव सोडत नाही. मी प्रामाणिकपणे एकदा चालून बघितलं. पाच किलोमीटरला अठ्ठावन्न मिनिटं लागली, शेवटी शेवटी तर एक म्हैस मला मागं टाकून गेली. दुसऱ्यांदा साठ लागली. मेव्हण्याला फोन केला. पीटी मास्तरनं वीस वर्षांच्या अनुभवातून सल्ला दिला, "दाजी, स्कूटरवर बसा की. हळू चालवा. रेघ काय इचारत्या व्हय, पायानं आलास का चाकानं?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली, हे मी लपवत नाही. बेळगुंदीच्या रस्त्याला लागलो, फोनवर ॲप सुरू केलं आणि माणसाच्या चालीनं स्कूटर चालवायला लागलो. तेही सोपं नाही, तोल जातो, पाय टेकत टेकत जावं लागतं. समोरून शाळेची मुलं आली, त्यांना वाटलं पेट्रोल संपलं. दोघं ढकलायला आली. मी त्यांना खेकसून पिटाळलं. एवढं खेकसायचं काही कारण नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं.

दोनेक किलोमीटर झाले असतील. रेघ छान उमटत होती. वेळही बेताचा होता. आणि मला एकाएकी डोळ्यांसमोर ते दृश्य दिसलं. तिसऱ्या दिवशी चढावर मी बसलोय, येळ्ळूरला बसलो होतो तसाच. गाईड म्हणतोय, यांना खाली न्यावं लागेल. आणि मुलगी, जिला तो डोंगर चढायचाय, ती पाठीवरची पिशवी उतरवून म्हणतेय, चला आप्पा, मी येते तुमच्याबरोबर खाली. ती असंच म्हणणार, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणजे एकदा मी तिला बेळगावात अडवली, आणि आता तिच्या मागं मागं जाऊन तिला डोंगराच्या मध्यावर अडवणार. मी स्कूटर बाजूला घेतली आणि ॲप बंद केलं. मला माझा इतका राग आला होता की परत येताना मी स्कूटर चालीनं न चालवता चांगली जोरात चालवली.

संध्याकाळी सात वाजता माग बंद केले. शर्ट खिळ्यावरून काढून घातला. बायको शेजारी कांड्या आवरत होती. मी फोन लावला.

"आजचं किती आप्पा?" मुलीनं विचारलं.

"आजचं ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. शर्ट, खिळा, बसल्या जागची तीनशे पावलं, गड अर्धाच केला ते, आणि नऊ दिवस जाणूनबुजून केलेलं सोंग. स्कूटरचंही सांगितलं. म्हैस तेवढी वगळली.

ती हसली नाही. रागावलीही नाही. "मला ठाऊक होतं आप्पा," ती म्हणाली.

"कधीपास्नं?"

"दुसऱ्या आठवड्यापास्नं. मला इथं तुमचा तासातासाचा तक्ता दिसतोय. दुपारी दोन ते चार करंट नसतोय, तवा तुमचं चालणंही बंद. चारला परत सुरू. अमावास्येला माग बंद, त्या दिवशी तुम्ही दिवसभरात सहाशे पावलं. मागाच्या घरात वाढलेय मी, मला एवढं कळत न्हाय व्हय?"

मी ओशाळलो. "मग बोलली का न्हाईस?"

ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही फोन करायचं बंद केलं असतं. रोज सातला तुमचा फोन यायचा. आकडा खोटा असला म्हणून काय झालं? त्याच्यानंतर आपण बोलत होतो की."

लाज तर वाटत होतीच. बंगळुरात बसून माझी पोरगी रोज माझं खोटं ऐकून घेत होती, मी फोन करावा म्हणून. मला तिच्याशी बोलायला एवढा मोठा डोंगर मध्ये लागला.

"अजून येळ हाय," ती म्हणाली. "नाव काढून घेते दोघांचं. पुढच्या वर्षी जाऊ. तवर तुम्ही खरंखरं चाला. मी काय, कवा बी जाऊ शकते."

"न्हाय," मी म्हणालो.

माझ्या तोंडून तो शब्द परत एकदा असा बाहेर पडला होता आणि तिला तो कसा लागला असेल ते मला कळलं. मी घाईघाईनं पुढं बोललो. "माझं नाव काढ. तुझं काढू नको. माझ्यासाठी थांबू नको बाळ. तू जा."

"एकटी?"

"एकटी जा. गाईड असू दे न्हायतर नसू दे. तुला जायचंय न्हवं? जा तू."

मग पलीकडून काहीच ऐकू येईना. मी दोनदा हॅलो म्हणालो. रेंज गेली असं वाटून फोन कानापासून काढून बघत होतो, तेवढ्यात बायकोनं तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि कानाला लावला. ती ऐकत राहिली. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"रडायल्या ती. काय म्हणालासा तिला?"

"जा म्हणालो."

"कुठं?"

"हिमालयात."

बायकोच्या मांडीवरच्या दोन कांड्या घरंगळून खाली गेल्या, त्या तिनं उचलल्या नाहीत. पदरानं तिनं एकदा डोळे पुसले.

"बारा वरसं लागली व्हय हो एवढं म्हणायला?" ती म्हणाली, आणि फोन परत कानाला लावून पोरीला सांगायला लागली, "रडू नको गं. म्हणालेत न्हवं आता."